दाणा मोडायचा नाही

साहेब कोणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी साखरेचा डबा मागायचे. डबा आला की चिमूटभर साखर डाव्या तळहातावर घ्यायची, खिडकीपाशी जायचं, तळहात उजेडाकडे कलता करायचा आणि एक डोळा मिटून बघत राहायचं. घरातली माणसं उगीचच अपराध्यासारखी उभी. मग निकाल लागायचा.

"हा दाणा आहे का? हा भुगा आहे. कोणत्या दुकानातली?"

आपण दुकानाचं नाव सांगायचं. साहेब मान हलवायचे आणि ती साखर आपल्याच बेसिनमध्ये झटकून टाकायचे. एवढं झाल्यावर चहा घ्यायचे, तोही बिनसाखरेचा. कारण साहेबांना डायबेटिस होता.

तुमच्याही आसपास असा एखादा असेलच. नोकरीतून निवृत्त झालेला, पण नोकरी ज्याच्यातून निवृत्त झालेली नाही. आमचे साहेब जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात लॅबमध्ये केमिस्ट होते. तिथून सुटल्यावर सावेडीत आमच्या वरच्या मजल्यावर फ्लॅट घेऊन राहायला आले. आले तेव्हा सामानाच्या टेम्पोतून कपाटं, पलंग वगैरे उतरलंच, पण साहेबांनी स्वतःच्या हातानं उतरवलेल्या वस्तू दोनच. एक काचेच्या पेटीतला तराजू आणि दुसरी मोठ्या दाण्याच्या साखरेची बरणी. ती बरणी लोक दिवाणखान्यात देवाचा किंवा नातवाचा फोटो ठेवतात तशी त्यांनी शोकेसमध्ये मधोमध ठेवली. आल्यागेल्याला त्या बरणीची हकिकत ऐकावी लागे. कोणत्या हंगामातली, पाक किती वेळ शिजवला होता, दाणा कसा एकसारखा पडला होता. "एवढ्या एका दाण्यासाठी उभं आयुष्य घातलं," असं म्हणून ते बरणी हलवायचे. ती खुळखुळली की त्यांना बरं वाटायचं.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. म्हणजे लोकांच्या जमिनी मोजायच्या, खुणा करून द्यायच्या आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या. त्यामुळे साहेब मला नावानं कधी हाक मारत नसत, "सर्व्हेअर" म्हणत. इमारतीत मापाची किंमत कळणारी आपण दोघंच, असा त्यांचा समज होता. माझा समज वेगळा होता. हातभर बांधासाठी सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे राहिलेले मी पाहिले होते आणि मोजणी बरोबर निघाली म्हणून भांडण मिटलंय असं एकदाही पाहिलं नव्हतं. पण हे मी साहेबांना सांगितलं नाही. त्यांना कोणीच काही सांगत नसे.

एक माणूस सोडून. ती म्हणजे त्यांची बायको. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो.

पहिली काही वर्षं नाताळची बिस्किटं मावशीच करायच्या. त्यांची आई मिशनच्या बंगल्यात मड्डमच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिच्याकडून मावशींना दोन गोष्टी मिळाल्या, एक बिस्किटं आणि दुसरा चिनी मातीचा कान तुटलेला कप. मैदा त्या कपानं, साखर त्या कपानं, लोणीही त्याच कपात दाबून. साखर मिक्सरमध्ये दळून पिठासारखी करायची, लोण्यात हलक्या हातानं फेसायची, मैदा घातला की मळायचा नाही, नुसता गोळा करायचा. हे सगळं मला माझ्या बायकोनं, शोभानं सांगितलंय, कारण ती दर नाताळाला वर जाऊन मदत करायची आणि येताना बशीभर तुकडे आणायची. करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या आमच्याकडेही होतात, त्यात काय नवल. पण मावशींचं बिस्किट तोंडात टाकलं की चावायचं काम उरत नसे. वर पांढऱ्या साखरेच्या लेपानं त्या प्रत्येक घरातल्या पोराचं नाव लिहायच्या. अक्षर तिरकं, कधी काना एका बिस्किटावर आणि मात्रा घसरून बशीत. पोरं आपलं नाव असलेलं बिस्किट लपवून ठेवायची आणि सगळ्यात शेवटी खायची.

साहेबांना गोड बंद, तेव्हा ते खाऊ शकत नसत. खाता येत नाही तो माणूस काय करणार, मोजणार. एका नाताळाला पाळकसाहेब, आम्ही चार शेजारी आणि मावशींच्या दोन मैत्रिणी दिवाणखान्यात बसलो होतो. बशा फिरत होत्या. साहेब आतून तराजू घेऊन आले, बशीतून सहा बिस्किटं उचलली आणि एकेक वजन मोठ्यानं वाचू लागले. "अठरा ग्रॅम. तेवीस. वीस. सतरा. हे बघा, हे तर सव्वीस. एका ट्रेमधल्या मालात एवढी तफावत. आमच्याकडे असं पोतं निघालं असतं तर शिफ्टच्या माणसाला घरी बसवला असता."

कोणी हसलं नाही. पाळकसाहेबांनी हातातलं बिस्किट खावं की परत ठेवावं हे न कळून धरून ठेवलं. मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी कमरेचा एप्रन सोडला, घडी घातली आणि तराजूशेजारी ठेवला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षीपासून तुमचा कारखाना."

दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. साहेब खूश झाले. त्यांना वाटलं बढती मिळाली.

पुढच्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निमंत्रण आलं. ओव्हनचं अग्निप्रदीपन. कारखान्यात हंगाम सुरू करताना बॉयलर पेटवतात त्याला हे नाव. इथे बॉयलर म्हणजे टेबलावर मावणारा विजेचा ओव्हन. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, आम्हाला टाळ्या वाजवायला उभं केलं, आणि साहेबांनी बटण फिरवलं. बटण फिरलं आणि आख्ख्या जिन्याची लाईट गेली. फ्यूज बदलेपर्यंत आम्ही अंधारात उभे होतो आणि साहेब अंधारातच सांगत होते की पहिल्या दिवशी असं होतंच, कारखान्यातही व्हायचं. पडलो तरी नाक वर.

मग हंगाम सुरू झाला. बिस्किट हा शब्द बंद झाला, आता "कुकीज". कान तुटलेला कप फडताळात गेला. "त्या कपाला कान नाही आणि मापाला ठिकाणा नाही," असा साहेबांचा शेरा. मैदा ग्रॅमवर, लोणी ग्रॅमवर, वेलची मोजून. आकार कापायला त्यांनी कारखान्याच्या वर्कशॉपमधल्या एका जुन्या फिटरकडून साचे करून आणले होते, जाड पत्र्याचे, धारेचे. चांदणीची पाचही टोकं कोनमापकानं तपासलेली. त्या चांदणीवर कोणी चुकून पाय दिला असता तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं असतं. रोज संध्याकाळी ग्रुपवर मेसेज यायचा, "आजचा उतारा ब्याण्णव टक्के." उतारा म्हणजे उसातून साखर किती निघाली ते. इथे कच्च्या मालातून कुकीज किती निघाल्या ते. खाली लोक अंगठे टाकायचे. मीही टाकायचो.

आता मुख्य गोष्ट. साखर साहेब दळायचे नाहीत.

पहिल्याच दिवशी मावशी खुर्चीतूनच म्हणाल्या होत्या, "साखर दळून घ्या." शोभा तिथेच होती. साहेबांनी हातातला चमचा खाली ठेवला. रागावले की त्यांच्या तोंडात नेवाशाकडची बोली यायची. "न्हाई. दाणा मोडायचा न्हाई. दाणा उभा करायला माणसं रात्रीचा दिवस करत्यात आन् तू म्हन्ती भुगा करा?"

"बिस्किट कडक होईल."

"होऊ दे की. कडक म्हंजी टिकाऊ."

तर साहेबांच्या गावाकडच्या भावाकडून आलेली, कारखान्यानं त्याच्यासारख्या सभासदांना दिलेली मोठ्या दाण्याची साखर जशीच्या तशी लोण्यात जायची. ती लोण्यात विरघळत नाही हे केमिस्टाला माहीत नसेल असं मला वाटत नाही. वर मैदा घातला की साहेब घड्याळ लावून बारा मिनिटं मळायचे. ट्रे आत. ओव्हनमध्ये दाणा अर्धामुर्धा वितळायचा, पसरायचा आणि थंड झाला की काचेसारखा जमून बसायचा. बाहेर आलेल्या ट्रेमधली एक कुकी साहेब टेबलावरून फरशीवर टाकून बघायचे. फुटली नाही की पास.

त्या कुकीज फुटायच्या नाहीत, याची साक्ष मी शपथेवर देईन. पहिल्या नाताळाला माझ्या दाढेचं सिमेंट निघालं. शेजारच्या बँकवाल्यांनी त्यांच्या वाट्याची चांदणी खिडकीला अडकण म्हणून लावली, ती पुढच्या नाताळापर्यंत होती. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ बदली होऊन आमच्याच जिल्ह्यातल्या डोंगराकडच्या अकोल्याला गेले, सामानात साहेबांचा डबा गेला. तिकडे सगळा पावसाळा काढून परत आले तेव्हा सांगत होते, तिथे भिंतीला शेवाळ आलं, कपड्यांना वास आला, पण कुकी मऊ पडली नाही. समाधानी काय ती तळमजल्यावरची म्हातारी. तिला एकही दात नव्हता. जेवण झाल्यावर एक कुकी गालात धरायची, ती संध्याकाळच्या चहापर्यंत पुरायची. "चांगली मुरत मुरत लागती," म्हणायची. आमचं तसं नव्हतं. आम्हाला दात होते, तीच अडचण.

सजावटीबद्दल बोलायलाच हवं. मावशी पोरांची नावं लिहायच्या. साहेबांनी नावं बंद केली, कारण नावांची लांबी सारखी नसते. त्याऐवजी प्रत्येक कुकीवर ट्रेचा नंबर आणि नगाचा नंबर, तीन-चौदा, सात-नऊ. पोरांनी त्यावर हाऊजी खेळायला सुरुवात केली, डाव पुरा होईपर्यंत कोणी खाऊ नये असा नियम केला, आणि त्या नियमाआड सगळी सुटली. सांताक्लॉज साहेब खाद्यरंगानं काढायचे. लाल टोपी काढताना हात कुठून वळायचा कोण जाणे, टोपीचा फेटा व्हायचा, आणि खाली पांढरी दाढी. पोरं त्याला कारखान्याचा चेअरमन म्हणायची. साहेबांच्या कानावर गेलं तेव्हा ते क्षणभर कुकीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हां, थोडं साम्य आहे." चार दशकं ज्याच्यापुढे उभं राहायचं तोच माणूस हाताला सवय होऊन बसतो, असं मला तेव्हा वाटलं, पण तेही मी बोललो नाही.

न बोलण्यात आमची इमारत पटाईत होती. बशी परत करताना प्रत्येक जण म्हणायचा, "छान झाल्यात, साहेब." मी तर दाढेचं सिमेंट हातात धरून म्हणालो होतो. खोटं बोलायला पैसे पडत नाहीत आणि शेजारी नाराज होत नाही, मग कोण खरं बोलतो. साहेबांना स्वतःला चव घेता येत नव्हती. आपण काय करतोय हे कळायला त्यांच्याकडे आमच्या तोंडाखेरीज दुसरं साधन नव्हतं, आणि आमची तोंडं अशी.

मावशी तेवढ्या खोटं बोलल्या नाहीत. नाताळच्या सकाळी उपासनेहून आल्यावर साहेब पहिली बशी त्यांच्यापुढे धरायचे. दरवर्षी. स्वच्छ पांढरा शर्ट, बशीवर लेसचा रुमाल. मावशी म्हणायच्या, "ठेवा तिथं." साहेब बशी टीपॉयवर ठेवायचे आणि खुर्चीत बसून पेपर उघडायचे. पेपरच्या वरून त्यांचे डोळे बशीवर. दुपारी जेवणं व्हायची, पाहुणे यायचे, पाहुणे जायचे, बशी तिथेच. संध्याकाळी मावशी ती उचलून डब्यात रिकामी करायच्या. त्यांनी त्या बिस्किटांना नावं ठेवली नाहीत, कोणापाशी तक्रार केली नाही. फक्त खाल्लं नाही. सहा नाताळ असे गेले.

सहाव्या नाताळानंतर साहेब मला जिन्यात भेटले. हातात पिशवी नव्हती, डबा नव्हता, नुसतेच कठड्याला टेकून उभे होते.

"सर्व्हेअर, एक विचारू? खरं सांगा. कुकीज कशा होतात?"

तुम्ही असता तर काय म्हणाला असता, ते मनात ठेवा. मी म्हणालो, "छान होतात की."

"मग ही का खात नाही?"

"मावशींचं गोड कमी झालं असेल."

"तुमच्या घरचे लाडू खाते," साहेब म्हणाले. "दिवाळीला मी मोजले. चार खाल्ले." मग कठडा सोडून सावकाश वर गेले. माझी मला लाज वाटली. आयुष्यभर लोकांच्या बांधावर उभं राहून खरं ते सांगितलं आणि एका बिस्किटापुढे माझी जीभ वळली नाही.

त्यानंतरच्या डिसेंबरात, एका बुधवारी दुपारी चारच्या सुमारास आमची बेल वाजली. बुधवारी मावशी स्त्रियांच्या प्रार्थनासभेला जात. दारात साहेब, बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला स्टीलचा डबा.

"वहिनी, मिक्सर आहे का?"

"आहे की. काय करायचंय?"

"चटणी," साहेब म्हणाले.

आत आल्यावर त्यांनी स्वतःच स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. मग डबा उघडला. साखर होती. मोठ्या दाण्याची, एकसारखी. शोभानं माझ्याकडे पाहिलं, मी शोभाकडे. आम्ही दोघंही काही बोललो नाही, पण या वेळचं न बोलणं वेगळं होतं.

"घरी आवाज होतो," साहेब म्हणाले. "ती नसली तरी समोरचे सांगतील."

साखर भांड्यात घालताना त्यांचा हात दोनदा थांबला. झाकण लावलं. बटण मात्र शोभाला फिरवायला सांगितलं आणि स्वतः भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभे राहिले. मिक्सर ओरडला. साहेबांनी मान खाली घातली. थांबला. "अजून," ते वळून न बघता म्हणाले. पुन्हा ओरडला.

झाकण काढल्यावर पांढरा धुरळा उठला आणि त्यांच्या चष्म्यावर, मिशांवर बसला. सवयीनं त्यांनी चिमूट तळहातावर घेतली, लावलेली खिडकी उघडली आणि तळहात उजेडाकडे कलता केला. एक डोळा मिटला. बराच वेळ बघत राहिले. चमकायला काही उरलंच नव्हतं.

"काही दिसत नाही," ते म्हणाले.

डबा पुन्हा वर्तमानपत्रात गेला. दारातून बाहेर पडताना म्हणाले, "कोणाला बोलू नका." आणि शोभाला, "चटणी छान झाली, वहिनी." मी इतकी वर्षं त्या माणसाला हसलो होतो. त्या दिवशी दार लावल्यावर मला हसू आलं नाही.

नाताळच्या सकाळी आम्ही मुद्दाम लवकर वर गेलो. मावशी खुर्चीत, साहेब पांढऱ्या शर्टात. बशी पुढे आली. या वेळच्या कुकीज दिसायलाही गरीब होत्या. कडा पसरलेल्या, चांदणीची टोकं गोल झालेली, नंबर नव्हते. मधल्या एकीवर पांढऱ्या लेपानं मावशींचं नाव लिहायचा प्रयत्न होता, शेवटचं अक्षर घसरून बशीत गेलेलं.

"ठेवा ति..." मावशी म्हणाल्या आणि थांबल्या. त्यांनी बशीकडे नीट बघितलं. दरवर्षी त्या कुकीज उजेडात चकचक करायच्या, न विरलेले दाणे दिसायचे. आज चमक नव्हती. त्यांनी आपलं नाव असलेली उचलली आणि दोन बोटांनी मोडली. आवाज झाला नाही.

मावशींनी हातातल्या दोन तुकड्यांकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"मिक्सर कोणाचा?"

साहेब पंख्याकडे बघू लागले. मी जमिनीकडे. शोभा "मी चहाचं बघते" म्हणत आत गेली, तेव्हा उत्तराची गरजच उरली नाही. मावशींनी एक तुकडा तोंडात टाकला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, निवडणुकीचा निकाल लागायचा असल्यासारखे. दुसरा तुकडा त्यांनी साहेबांपुढे धरला.

"घ्या. एका दिवसानं काही होत नाही."

साहेबांनी घेतला. खाल्ला. किती वर्षांनी गोड खात होते कोण जाणे. मिशीला भुगा लागला.

"कसं झालंय?" त्यांनी विचारलं.

"बरं झालंय."

"बरं म्हणजे किती?"

"बरं म्हणजे बरं," मावशी म्हणाल्या.

त्या दिवशी साहेब इमारतीतल्या प्रत्येक दारात बशी घेऊन स्वतः गेले. कुकीज कशा झाल्यात हे कोणाला विचारलं नाही. "ही बरं म्हणाली," एवढंच सांगत फिरले. ग्रुपवर उतारा आला नाही. तळमजल्यावरची म्हातारी तेवढी नाराज झाली, लगेच संपलं म्हणाली.

पुढच्या जुलैत साहेब गेले. सकाळी चहा पिऊन खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. कब्रस्तानात मी मागे उभा होतो. खड्ड्याची एक बाजू सरळ नव्हती, हे माझ्या डोळ्यांनी सवयीनं टिपलं आणि मनात आलं, साहेबांनी टेप मागितली असती. पाळकसाहेब प्रार्थना करत होते आणि मला रडू येत होतं ते त्या वाकड्या कडेकडे बघून.

मग डिसेंबर आला. खरं सांगायचं तर दुःख दुःखाच्या जागी, पण इमारतीत एक कुजबुज होतीच. यंदा मावशी करतील. यंदा पूर्वीसारखी बिस्किटं. बँकवाल्यांची मुलगी आता कॉलेजात जाते, तिनंही विचारलं, नाव लिहितील का. माणसाच्या मनात काय काय चालतं, आपणच आपलं बघावं. मला माझ्या जिभेवर ती जुनी चव आठवली होती, आणि ती आठवताना साहेब नाहीत हे क्षणभर विसरलो होतो.

नाताळच्या दुपारी मी एकटाच वर गेलो. शोभा नातेवाइकांकडे गेली होती. मावशी एकट्या होत्या. शोकेसमध्ये बरणी होती, टेबलावर काचेच्या पेटीतला तराजू पुसून ठेवलेला, आणि शेजारी फिटरचे साचे धुवून पालथे घातलेले. मावशींनी बशी पुढे केली. चांदण्या. पाचही टोकं धारदार. वर पांढऱ्या लेपानं लिहिलेलं होतं, नाव नव्हे, नंबर. एक-एक, एक-दोन. अक्षर मावशींचं, तिरकं.

मी एक उचलली आणि चावली. कट्ट असा आवाज झाला.

मी तोंडातला तुकडा तसाच धरून मावशींकडे पाहिलं.

"दळली नाही," त्या म्हणाल्या. "मिक्सर काढला होता मी सकाळी. साखर भांड्यात घातली, झाकण लावलं. बटणाकडं हात जाईना. सगळी पुन्हा डब्यात ओतली." त्यांनी बशी टेबलावर ठेवली. "सहा वर्षं मी हट्ट धरला. माणसानं जन्मभर जे मोडलं नाही ते शेवटी तुमच्या घरी येऊन मोडलं, खिडकी लावून. शोभानं सांगितलं मला सगळं. भिंतीकडं तोंड करून उभे होते म्हणाली."

मावशींनी पालथे साचे एकावर एक रचले.

"लवकर विचारायला पाहिजे होतं मी, काय हो एवढं त्या दाण्यात. कधी विचारलंच नाही. नुसतं दळा म्हणाले." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "कशा झाल्यात? आणि छान म्हणू नका. त्यांना तुम्ही सगळे छान म्हणत होता. मला ऐकू यायचं वरून."

"मावशी," मी म्हणालो, "लई कडक झाल्यात."

"व्हय," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच जराशा हसल्या. "अगदी त्यांच्यासारख्या झाल्यात."

त्यांनी बशीतली एक उचलली. उजेडाकडे धरली, कलती केली. दाणे चकचकले. मग ती मोडायचा प्रयत्न न करता तळमजल्यावरच्या म्हातारीसारखी गालात धरली आणि खुर्चीत मागे टेकून बसल्या. मीही माझा तुकडा चावायचं सोडून दिलं. दोघांच्याही तोंडात साखर असल्यामुळे बोलता येत नव्हतं. ती विरघळायला बराच वेळ लागला.